थोरल्याला गणपती, धाकट्याला वाहन

बाबा गेल्यानंतर झालेल्या वाटणीत दादाला गणपती मिळाला आणि मला गाडी.

तसं बाबांनीच हॉस्पिटलात, नाकातली नळी बाजूला सारून सांगितलं होतं, "गणपती थोरल्याकडे, वाहन धाकट्याकडे." बाबा जुन्या वळणाचे संस्कृतचे मास्तर. गाडीला त्यांनी जन्मात कधी गाडी म्हटलं नाही. 'वाहन पुसलंस का?', 'वाहनात हवा भरून आण.' दादाचा ठाण्यात माजिवड्याला ऐसपैस फ्लॅट. हॉलमध्ये मखर मावतं आणि वर सगळं गोत मावतं. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत गणपती बसवला असता, तर आम्हाला जिन्यात पथारी पसरावी लागली असती. तेव्हा वाटणी योग्यच होती. असं मी स्वतःला दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी मला ते पटत नाही.

एक मान मात्र माझ्याकडे उरला होता. मूर्ती डोंबिवलीतल्या नेहमीच्या कारखान्यातून उचलायची आणि बाबांच्या गाडीतून ठाण्याला न्यायची. दादाच्या दारात मी मूर्ती धरून उभा राहणार, वहिनी माझ्या पायावर दूध-पाणी घालणार, भाकरतुकडा ओवाळून टाकणार आणि मग मी बाप्पाला घेऊन उजवं पाऊल आत टाकणार! वर्षातून तेवढी दोन मिनिटं मी त्या घरातला मुलगा असायचो. पुढचा दीड दिवस पाहुणा. ("भावजी, अजून एक मोदक घ्या ना," हे वाक्य मुलाला कोणी म्हणत नाही.)

आणि त्या मानावरही दादाचा डोळा होता. श्रावणातच त्याचा फोन आला.

"नंद्या, गेल्या वर्षी तू बाप्पाला मुंब्रा बायपासवर ढकलत आणलंस."

"बाप्पाला नाही, गाडीला ढकललं."

"बाप्पा आत होता ना? हे बघ, यंदा वाटेत गाडी बंद पडली, तर पुढच्या वर्षीपासून मूर्ती मी माझ्या गाडीतून आणणार. झालं!"

'झालं' हा दादाचा लाडका शब्द. वाटणीच्या वेळीही त्यानं तोच वापरला होता.

म्हणजे आता गाडी सुधारणं भाग होतं. गाडीचं दुखणं असं, की सकाळी चावी फिरवली की ती 'टक्' असा एक आवाज काढायची आणि गप्प. मी बी.एस्सी. फिजिक्स. वीज कशी वाहते हे मी कागदावर कोणालाही पटवून देऊ शकतो. गाडीला पटेना. शेवटी पिंट्याला बोलावलं. पिंट्या हा आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर बसणारा मेकॅनिक. त्याचं निदान नेहमी ठाम असतं आणि दर खेपेला वेगळं असतं.

"काका, बॅटरी गेलीय. टेन्शन नका घेऊ."

नवी बॅटरी बसवली. गाडी चालू झाली. दोन दिवसांनी पुन्हा टक्!

"काका, आता स्टार्टर गेला."

"मग बॅटरी गेली नव्हती?"

"गेलेली ना! तिनेच जाताना स्टार्टरला नेला."

स्टार्टर झाला. मग अल्टरनेटर झाला. पुन्हा टक् झाल्यावर पिंट्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काका, लाइनमध्ये कचरा आलाय." कुठल्या लाइनमध्ये, ते त्यानं सांगितलं नाही. एव्हाना गाडीत जुना असा मीच एकटा उरलो होतो.

तेव्हा आईनं प्रकरण हातात घेतलं. आई माझ्याकडे असते. (वाटणीत ती कोणाच्या नावावर नव्हती, स्वतःहून आली.) ती गॅलरीतून बरेच दिवस हा तमाशा पाहत होती.

"नंदू, गाडी बिघडलेली नाही. रुसलीय."

"आई, गाडी रुसत नसते."

"हे होते तेव्हा दर दसऱ्याला तिला नारळ फुटायचा, हार पडायचा. तू काय केलंस? बॅटरी बदललीस! नवऱ्याच्या माघारी बाईला कोणी विचारलं नाही तर ती रुसणार नाही?"

आईनं त्याच दिवशी गाडीची यथासांग पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, अक्षता, कापसाची वस्त्रं आणि शेवटी बॉनेट उघडायला लावून आत इंजिनाशेजारी खोबरं-गुळाचा नैवेद्य.

"आत कशाला?"

"तोंड आत आहे ना तिचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं, तर वाटी चाटूनपुसून लख्ख! आईचे डोळे भरून आले. "बघ! घेतला तिनं नैवेद्य!" बंद बॉनेटमधला नैवेद्य जातो कुठे, हा प्रश्न मला पडला होता. मी तो विचारणारही होतो. पण तेवढ्यात संध्यानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सहज चावी फिरवली आणि गाडी एका फटक्यात सुरू झाली! आता याच्यापुढे फिजिक्स काय बोलणार? संध्या एवढंच म्हणाली, "अहो, कशानं का होईना, चालतेय ना?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी गाडीला नैवेद्य सुरू झाला. खोबरं, शेंगदाण्याचा लाडू, गुरुवारी पेढा. संकष्टीला गाडीचा उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी. मला ऑफिसच्या डब्यात कोरडी पोळी-भाजी आणि गाडीला साजूक तुपातला शिरा! शनिवारी शनीची पीडा नको म्हणून आई तिथे काळे तीळही वाहायची.

गाडी सुरू व्हायची, पण वागणं बिघडत चाललं. डावीकडचा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचे. ब्रेक दाबला की आतला दिवा लागायचा. एका सकाळी पत्रीपुलावर तिनं आपण होऊन हॉर्न वाजवला आणि पुढच्या रिक्षावाल्यानं उतरून माझा उद्धार केला. मी पुन्हा पिंट्याला गाठलं. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि चिमटीत काहीतरी धरून वर काढलं.

"काका, हे काळे काळे दाणे कसले?"

"तीळ आहेत. आमची आई वाहते."

"तीळ एवढे मोठे?"

आई गॅलरीतून ओरडली, "हल्ली सगळं हायब्रिडच येतं रे, बाबा!"

पिंट्याला ते पटलं. मलाही पटलं. मी त्यातला एक दाणा नाकाशी नेऊन वासही घेतला. त्याबद्दल मी अधिक काही लिहू इच्छित नाही.

चतुर्थीच्या सकाळी आईनं उकडीचे मोदक केले. पहिला मोदक देवाला, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. त्या दिवशी देवाला दुसरा मिळाला. पहिला बॉनेटमध्ये गेला. "आज तुझी परीक्षा आहे हो बाई," असं म्हणत आईनं रेडिएटरवरून हात फिरवला.

कारखान्यातून मूर्ती उचलली. तोंडावर रुमाल घातलेला बाप्पा संध्याच्या मांडीवर, आई माझ्या शेजारी, आणि मी नवा सदरा घालून स्टिअरिंगवर. गाडी लोण्यासारखी निघाली. शिळफाट्यापर्यंत मी इतका खूश होतो, की दारात दादाचा चेहरा कसा होईल याचाच विचार करत होतो.

शिळफाट्याला हॉर्न सुरू झाला. सुरू झाला तो थांबेचना!

"अहो, हॉर्नवरचा हात काढा!" संध्या मागून ओरडली.

"नाहीये हात! हे बघ!" मी दोन्ही हात वर करून दाखवले.

"मग स्टिअरिंग कोणी धरलंय?"

मी घाईघाईनं स्टिअरिंग धरलं. वायपर कोरड्या काचेवर करकरायला लागले, दिवे लागले, विझले. रस्त्यातल्या लोकांना वाटलं, वाजतगाजत मिरवणूक चाललीय. काहींनी 'मोरया!' म्हणून हातही जोडले. बायपासच्या चढावर, बरोबर गेल्या वर्षीच्याच जागी, गाडीनं एक आचका दिला. हॉर्न थांबला. इंजिन थांबलं. माझं काळीजही बहुधा थांबलं असावं.

बॉनेट उघडलं. आत जळक्या वायरीचा वास आणि माझ्या नव्याकोऱ्या बॅटरीवर, आईनं वाहिलेल्या कापसाच्या वस्त्रांची गादी करून, एक गलेलठ्ठ उंदीर बसला होता. दोन हातांत मोदक. एवढा हॉर्न, एवढा धूर, पण त्यानं जागा सोडली नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या वायरी कुरतडून त्यानं तांब्याच्या तारा उघड्या पाडल्या होत्या. बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, सगळं ठणठणीत होतं बिचारं! आम्ही त्याला रोज जेवायला घालत होतो आणि तो जेवणानंतर बडीशेपेसारख्या वायरी चघळत होता.

मी डिकीतून टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, काढली.

"नंदू! खबरदार!" आई मध्ये पडली. "चतुर्थीच्या दिवशी? बाप्पाचं वाहन आहे ते!"

"आई, त्यानं आपलं वाहन खाल्लं!"

"खाऊ दे. त्याचा मान आधी."

मी मागच्या सीटकडे पाहिलं. बाप्पाच्या पायाशी मातीचा उंदीर, हातात मातीचा मोदक, पोझ अगदी तीच. मी टॉमी खाली ठेवली.

फोन वाजला. "नंद्या, गुरुजी येऊन बसलेत. कुठे आहेस?" मला खोटं बोलता आलं नाही. बायपासवर ट्रकच एवढे ओरडत होते, की त्यानं ओळखलंच.

दादा स्वतः आला. त्याची नवी गाडी इतकी गुपचूप आली, की शेजारी थांबली तेव्हा कळलं. त्यानं बॉनेटमध्ये पाहिलं, उंदराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नैवेद्य दाखवून उंदीर पाळलास?"

आई म्हणाली, "अरे, मला काय माहीत गाडी खात नाही म्हणून!"

दादा माझ्याकडे पाहून नुसता हसला, आणि तेच मला जास्त झोंबलं. त्यानं संध्याच्या मांडीवरून मूर्ती उचलली. मी हात पुढे केले, पण तो म्हणाला, "तू कुठे येतोस? गाडी अशी भर रस्त्यात टाकून? टोइंगवाल्याला सांगितलंय मी. तू थांब."

बरोबरच होतं त्याचं. दादाचं नेहमीच बरोबर असतं, याचाच मला आयुष्यभर राग आलाय. आई त्याच्या गाडीत बसली, संध्या मागे बाप्पाला सांभाळायला बसली. काच खाली करून आई म्हणाली, "नंदू, उन्हात उभा राहू नकोस रे." मग एसीची हवा जाईल म्हणून दादानं काच वर केली.

भाद्रपदातल्या उन्हात, नवा सदरा घामानं पाठीला चिकटलेला, मी कठड्याला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळानं संध्यानं व्हिडिओ पाठवला. दादाच्या दारात दादाच मूर्ती धरून उभा होता. वहिनी दादाच्या पायावर दूध-पाणी घालत होती. मला फार वाईट वाटलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पायावर कोणी पाणी घातलं नाही म्हणून रडू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आरती संपल्यावर दादाचा फोन आला. आवाजात मोदक होता.

"पुढच्या वर्षीपासून मूर्ती मी आणणार. झालं! आणि ते डबडं भंगारात दे. बाबा उगाच वाहन वाहन करत बसायचे!"

फोन ठेवला आणि बाबांचे शब्द आठवले. संस्कृतचा माणूस, शब्द वाया घालवायचा नाही. गाडी असं ते म्हणालेच नव्हते. गणपती थोरल्याकडे, वाहन धाकट्याकडे! वाटणी अगदी शब्दशः झाली होती. गणपती माजिवड्याला दादाच्या मखरात विराजमान झाला होता आणि त्याचं वाहन माझ्याकडे, माझ्याच बॅटरीवर मांडी ठोकून, माझ्या वाट्याचा मोदक संपवत होतं. त्याला ऊन लागू नये म्हणून मी बॉनेट हळूच लावून घेतलं.