कुशाबाचा बेलभंडार

कुशाबा मेस्त्री लालबागला चार मजली गोदाम बांधत होता. मी त्याच्या हाताखाली गवंडी. साल १८९७, प्लेगचं. माणसं मुंबई सोडून पळत होती. रोज सकाळी परांचीवर दोन-चार जागा रिकाम्या दिसत. ठेकेदार शेठला तीच धास्ती होती, आणि कुशाबाने ती ओळखली.

त्याच्या बायकोचं, शेवंतीचं, आदल्या वर्षी मूल गेलं होतं. चुन्याची भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती शिडीवर असतानाच पोटात कळ आली. आता तिला पुन्हा चौथा महिना होता. ज्याने भरली पाटी चार मजले नेली आहे त्याला विचारा. दुसऱ्या मजल्यापर्यंत मान दुखते, पुढे गुडघे थरथरतात.

पौषात काम थांबवून आम्ही सगळे शेठपुढे उभे राहिलो. कुशाबाच्या अटी दोन. पाटी काठाच्या चार बोटं खाली भरायची, आणि दुसऱ्या मजल्यावर पाटी हातात घ्यायला दुसरी बाई उभी ठेवायची. शेठचा मुकादम दगडू हसला. म्हणाला, "कुशाबा, गोदाम बांधायचंय का बारसं करायचंय?" पण शेठ कबूल झाला. बदल्यात छप्पर चढेपर्यंत कोणी काम सोडायचं नाही.

शेठ कारकुनाकडून कागद करून द्यायला तयार होता. कुशाबाने नको म्हटलं. लिहिणारा त्यांचा, वाचणारा त्यांचा, त्या कागदाचं आम्ही काय करणार? त्याला बेलभंडार हवा होता. खंडोबाच्या टाकासमोर बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन आम्ही चौदा पुरुषांनी शपथ घेतली. शेठ कच्छी, खंडोबा त्याचा देव नाही, म्हणून त्याच्या वतीने दगडूने भंडार उचलला. आम्हाला ते पुरेसं वाटलं.

दोन महिने करार नीट चालला. दगडू तोंडाचा वाईट होता, पण पाटीत स्वतः बोटं घालून मापायचा. शिमग्यानंतर त्याच्या काखेत गाठ आली. चौथ्या दिवशी तो गेला.

नव्या मुकादमाने पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर पाटी घेणाऱ्या बाया खाली उतरवल्या आणि पाट्या काठापर्यंत भरायला लावल्या. कुशाबा शेठकडे गेला. शेठने हिशेबाच्या वहीतून मान वर केली नाही.

"भंडार कोणी उचलला होता?"

"दगडूने. तुमच्या वतीने."

"मग त्याला जाऊन विचार."

कुशाबा परत येऊन ओळंबा धरून कामाला लागला. आम्ही म्हटलं, शेठने शब्द मोडला, आता आपणही सुटलो. तो म्हणाला, हळद माझ्या हातात होती, शेठच्या नव्हती. मग आम्हीही थाप्या उचलल्या.

दुपारी शेवंती भरली पाटी घेऊन वर आली. तिला सातवा महिना होता. पाटी खाली ठेवून ती बराच वेळ भिंतीला टेकून राहिली.

"घाटावर जाऊ," ती म्हणाली.

"छप्पर चढू दे."

"तुमी थांबा. भंडार बायकांच्या हातात कुणी दिला व्हता?"

कुणीच दिला नव्हता. अटी त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याच्या होत्या, आणि त्यांना बोलवायचं आमच्या मनातही आलं नव्हतं. शेवंती खाली उतरली. तिच्यामागे बाकीच्या बायांनी पाट्या पालथ्या घातल्या आणि निघून गेल्या. ती त्याच आठवड्यात माहेरी गेली.

नवी माणसं मिळेनात. चुना आम्हीच वाहिला. अर्धा दिवस भिंत, अर्धा दिवस पाटी. वैशाखात सहाजण पळाले, दोघे प्लेगने गेले. कुशाबा सगळ्यांच्या वाट्याचं ओढायचा. एकदा पाटी उचलताना त्याच्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. तरी तो वर गेला. मिरगाच्या दोन दिवस आधी छप्पर चढलं. तो शिडीवरून एकेका पायरीवर बसत उतरला. पुन्हा त्याने थापी हातात घेतली नाही.

दिवाळीनंतर शेवंती आली. काखेत मुलगी होती. कुशाबा खोलीच्या दारात, भिंतीला उशी लावून बसला होता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"छप्पर चढलं?"

"चढलं."

"मग सुटलात," ती म्हणाली. मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली आणि डोक्यावर पदराची चुंबळ ठेवून काम शोधायला बाहेर पडली.