क्रेनवाल्याचं पोट

आमच्या फाउंड्रीतल्या क्रेनवाल्याला आम्ही बैरागी म्हणायचो. कामावर तो ना खायचा, ना प्यायचा. वितळलेल्या लोखंडाची बादली उचलून साच्यांवर न्यायची, हे त्याचं काम. मी खालून हाताने खुणा करायचो.

लोक म्हणायचे, बसून तर काम आहे. बसून बघावं. मान सतत खाली, पाठ वाकलेली, दोन्ही हात दांड्यांवर, खालून झळ. एकदा शिडी चढली की ओतकाम संपेपर्यंत उतरायचं नाही. उतरलं तर लोखंड थंड होतं आणि अख्खी पाळी तोंडाकडे बघते. म्हणून तो पाणीसुद्धा टाळायचा. पाठीसाठी दुखायची गोळी घ्यायचा, तीही रोज उपाशीपोटी. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सगळेच क्रेनवाले तसंच करत.

मग पोटात जळायला लागलं. त्यावर तो ॲसिडिटीची गोळी घेऊ लागला. ताटात अर्धं अन्न राहू लागलं. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली. रिपोर्ट घ्यायला वहिनींनी मलाही बोलावलं.

"भावजी, तुम्ही चलाच. माझ्यासमोर हे खुशाल खोटं बोलतात. तुमच्यापुढे निदान लाजतील."

डॉक्टरांनी फोटो दाखवला. "हे जठराचं अस्तर. सुजलंय, लाल झालंय. हे ओरखडे बघा. खोल जखम नाही. पण अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासला, त्यात जुनी सूज दिसते. अशी सूज बहुतेक वेळा एका जंतूमुळे येते. तो मात्र सापडला नाही."

"कॅन्सर तर नाही ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही. पण सूज वर्षानुवर्षं राहिली तर अस्तर झिजतं, बदलतं. पुढे धोका वाढतो. म्हणून कारण कळायला हवं." ते त्याच्याकडे वळले. "ॲसिडिटीची गोळी तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेवली होती ना?"

"हो."

"दुखायच्या गोळ्या?"

"कधीमधी."

बाहेर आल्या आल्या वहिनी उसळल्या. "बंद ठेवली होती? उशीखाली पाकीट कुणाचं मग, माझं?"

"बंद केली की जळतं. जळलं की हात थरथरतो. खाली हा उभा असतो." त्याने माझ्याकडे बोट केलं. "दुखायची गोळी सोडली तर पाठ उठू देत नाही. डॉक्टरला पाठीचं सांगितलं तर फिटनेसचा दाखला जाईल, क्रेन जाईल. दुसरं काम येतं कुठे मला? सांग, यातून कसा निघू?"

त्याने उचललेल्या बादलीखाली मी रोज उभा राहायचो.

"आतून झिजून गेलात की वर कोण बसणार आहे?" वहिनी म्हणाल्या. "तुमचा फोटो?"

तो हसला आणि हसताना पोट दाबून बाकावर बसला. मग उठला आणि न विचारता डॉक्टरांचं दार ढकललं.

"साहेब, दोन्ही गोळ्या रोज चालू होत्या. दुखायची पाठीसाठी."

डॉक्टर चिडले नाहीत. "आता रिपोर्टचा अर्थ लागतो. ओरखडे दुखायच्या गोळ्यांचे असणार. आणि ॲसिडिटीच्या गोळीने जंतू दबून राहतो, म्हणून दिसला नसेल. दोन्ही बंद. पुन्हा तपासू. तोवर सुट्टी. कारखान्याला काय लिहू?"

"पोट लिहा."

"आणि पाठ?"

वहिनी काही बोलणार होत्या, मी हाताने थांबवलं. शेवटी तोच म्हणाला, "लिहा."

दुसऱ्या तपासणीत जंतू सापडला. औषधं झाली, जळजळ गेली. क्रेनही गेली. त्याला हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. जाळीमागची खोली, एक खुर्ची, पाने-हातोडे मोजून द्यायचे. आता वेळेवर जेवतो, अंगही भरलंय. क्रेनवर नवा माणूस आहे. तो बादली झटक्याने उचलतो. बैरागी जाळीला तोंड लावून ओरडतो, "हळू, अरे हळू!" यंत्रांच्या आवाजात ते वरपर्यंत जात नाही.