वहिनीने बसवलेलं चाक

वहिनी गेल्याची तार, मी शिकवतो त्या पेणच्या शाळेत माझ्या हाती पडली, त्याला दीड महिना होईल. अजून पत्र लिहायला बसलो की मायना तिच्याच नावाचा येतो...

माझा थोरला भाऊ, दादा, अलिबागला डॉक्टर. त्याची मोटार जुनी. एका मे महिन्यात मी सुट्टीला गेलो होतो, तेव्हा तिचं पुढचं चाक जात्यासारखं घरघरू लागलं. नवं बेअरिंग मुंबईहून बोटीने रेवस बंदरामार्गे घरी आलं, पण मिस्त्री काही येईना. चार दिवस वाट पाहून वहिनीने पदर खोचला. "भाऊजी, जॅक लावा. बाबांच्या बैलगाडीची चाकं मी कितीदा काढलीत!" मधला नट सोडवून तिने चाक ओढून काढलं आणि आतल्या जुन्या बेअरिंगची झिजलेली कडी हातोडीने ठोकून पाडली. दादा ओटीवरून नुसता "अगं, जपून" म्हणत राहिला.

तेवढ्यात नागावचा एक म्हातारा धापा टाकत आला. "डाक्टर, लेक अडलीय माझी. सकालधरनं सुटत न्हाय."

दादा टांगा बोलवायला निघाला. "दहा मिनिटं द्या मला," वहिनी म्हणाली. बोटांनी ग्रीस भरून तिने नवं बेअरिंग बसवलं, सगळा जोर लावून नट आवळला आणि स्वतःही आमच्याबरोबर गाडीत बसली. चाकाचा आवाज तिला ऐकायचा होता.

वाटेत आक्षी गावाच्या अलीकडे जळका वास आला. "अहो, थांबवा!" उतरून तिने चाकाच्या मध्यावर हात टेकला नि चटकन मागे घेतला. "माझंच चुकलं. फार आवळलं मी." शेजारी म्हातारा हात जोडून उभा. वहिनीने सबब सांगितली नाही. धुळीत बसून जॅक लावला, नट जरासा सैल केला, चाक फिरवून पाहिलं. "मोकळं फिरायला हवं, पण डुगडुगता कामा नये," ती पुटपुटली. आम्ही वेळेत पोहोचलो. मायलेकी दोघी वाचल्या.

वहिनीच्या शेवटच्या आजारात दादाने आधी हिवताप समजून औषध दिलं. तो विषमज्वर निघाला. आधी कळूनही फारसं काही करता आलं नसतं, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले. दादाला ते पटलं नाही. तो तिच्यापुढे रडला, तेव्हा ती क्षीण आवाजात म्हणाली, "चूक कळली ना? मग आता पुढचं बघा."

महिनाभर दवाखाना बंद होता. गेल्या सोमवारी दादाने तो उघडला. पहिलाच रोगी तापाचा आला. दादाने त्याची नाडी धरली... आणि बराच वेळ सोडली नाही.