विलायतेतला झरा

बळीरामजी कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागतात, मग तहान असो वा नसो. मुलगी पाहायला गेले तेव्हासुद्धा पोह्यांची बशी पुढे येण्याआधी त्यांनी पाणीच मागितलं होतं. पाणी घेऊन आलेल्या प्रेमिलाताईंना वाटलं, हा माणूस स्टेशनपासून पायी आला की काय! पंचेचाळीस वर्षं झाली, त्या अजून हे ऐकवतात.

ही सवय नोकरीतली. बळीरामजी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन भाऊ एकमेकांचं डोकं फोडायला निघालेले असत आणि हे सायकलला मोजणीची साखळी बांधून तिथे हजर. नकाशा उघडायच्या आधी पाणी मागायचे. मग तांब्या कुठल्या विहिरीवरून आला, कोण घेऊन आलं, कोणत्या वाटेनं आलं, हे नुसतं बघत बसायचे. शेतातली निम्मी भानगड त्यांना तेवढ्यातच कळायची. साहेब लोक हसायचे, पण बळीरामजींच्या मोजणीवर अपील झालं असं क्वचितच घडलं.

आता ते बहात्तर वर्षांचे आहेत आणि नंदनवन नावाच्या वस्तीत स्वतःच्या घरात राहतात. दर उन्हाळ्यात फाटकाबाहेर एक रांजण ठेवतात. रांजणाला ओलं फडकं, वर ताट आणि पोटावर पांढऱ्या रंगात एकच नाव, भागीरथा. मुलगी भावना लहान असताना शाळेत जाण्याआधी तो भरायचं काम तिच्याकडे असे. या घरात कुणी देवाधर्माला हात जोडत नाही, पण रांजण भरला की बळीरामजी हात जोडतात. भावनाला वाटायचं, नाव गंगेचं असेल. तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

ती भावना आता इंग्लंडात भूलतज्ज्ञ आहे. गेल्या वर्षी तिनं बातमी दिली की ती आणि तिच्या ओळखीची आणखी दोन कुटुंबं मिळून एक जुनी जहागीर विकत घेत आहेत. अडीचशे वर्षांची दगडी हवेली, घोड्यांचे तबेले, चाळीस एकर कुरण आणि एक जंगलाचा तुकडा.

"एवढ्या घरात झाडू कोण मारन वं?" प्रेमिलाताईंनी फोनवरच विचारलं.

बळीरामजी मात्र हरखून गेले. त्यांच्या आजोबांना गावाची शीव डोळे मिटून चालता येत होती, लोक वाद तोडायला त्यांनाच बोलवत, पण त्यांच्या स्वतःच्या नावावर वीतभर जमीन कधी नव्हती. आणि आता त्यांची पणती गोऱ्या साहेबाची हवेली घेणार! दोन दिवसांत अर्ध्या नंदनवनाला ही बातमी कळली. उरलेल्या अर्ध्याला भाजीवाल्यानं सांगितली.

भावनानं नकाशा पाठवला. बळीरामजींनी तो सदर भागातल्या दुकानातून मोठा छापून आणला आणि हॉलमध्ये जमिनीवर पसरला. कोपऱ्यांवर वरवंटा, डाळीचे दोन डबे आणि चष्म्याचं घर ठेवलं. भिंग घेऊन सकाळभर पालथे पडून होते. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागल्यावर पहिला प्रश्न अर्थातच पाण्याचा.

"भावना, तुह्या हवेलीत पाणी कुठून येते?"

"जंगलात झरा आहे ना बाबा. तिथून पाइप आहे."

"मग तो पाइप हवेलीपाशी थांबत काहून नाही? तुटक रेघ खाली तीन घरांपर्यंत गेलेली दिसून राहिली मले. अन ती घरं तं तुह्या हद्दीच्या बाहेर आहेत."

भावनानं सांगितलं, "जुन्या मालकानं त्यायले पाणी घेऊ दिलं होतं. चाळीस-पन्नास वर्षांपासून घेतात. पण सगळं तोंडी आहे. वकील म्हणते, मालकाची परवानगी विक्रीसोबत संपते. आमाले तबेल्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत बाबा, उन्हाळ्यात झरा कमी होते. त्यायचे पाइप बंद केले तं आपल्याले पुरन."

"कोण राहते तिथं?"

"दोन शेतकरी आहेत. अन एक मिसेस प्रोबर्ट. एकटी म्हातारी आहे, ऐंशीच्या वर."

फोन ठेवताना बळीरामजी न चुकता 'जय भीम, बेटा' म्हणतात. त्या दिवशी त्यांनी ते न म्हणताच फोन प्रेमिलाताईंच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन लावला. "रांजणावरचं नाव कोणाचं, माहीत आहे तुले?" त्यांनी विचारलं, आणि साठ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली.

काटोलकडच्या त्यांच्या गावात दीक्षा घेऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण गावच्या विहिरीपर्यंत ती बातमी पोचली नव्हती. यांना तिथे पाणी भरता येत नसे. गावाबाहेर भागीरथाबाईंचा संत्र्याचा बगीचा होता आणि बगीच्यात विहीर. बळीरामची माय रोज दुपारी घागर घेऊन विहिरीच्या ओट्याखाली बसायची आणि भागीरथाबाई सासूची बोलणी खात, स्वतः पाणी शेंदून वरून ओतायच्या. घागर काठोकाठ आली की माय म्हणायची, "भरली वं बाई!" मग वरची धार थांबायची. अकरा वर्षांत एकदाही माय रिकामी घागर घेऊन परतली नाही.

"तिनं आमाले विहिरीवर चढू दिलं नाही, ते तिच्या हातात नव्हतं," बळीरामजी म्हणाले. "पण जे हातात होतं ते तिनं मरेपर्यंत सोडलं नाही. आमी जगलो ते तिच्या पाण्यावर."

मग भागीरथाबाई वारल्या. पोरांनी बगीचा विकला. नव्या मालकानं विहिरीला काट्याचं कुंपण घातलं. माय सवयीनं गेली, सोबत नववीतला बळीराम. नवा मालक ना ओरडला, ना शिवी दिली. शांतपणे म्हणाला, "कागद आहे का?"

माय दिवस मावळेपर्यंत कुंपणाशी बसून राहिली. मग दोघं नाल्यावर गेले.

"तू मनाची चांगली आहेस, मले माहीत आहे," बळीरामजी म्हणाले. "भागीरथाबाईही चांगली होती. पण तू उद्या हवेली विकशील, नाही तं मरशील एक दिवस..."

"शुभ बोला जरा!" स्वयंपाकघरातून प्रेमिलाताई.

"...मग त्या म्हातारीले कोणी कागद मागन, तं तिच्यापाशी कागद पाहिजे. मालक कोणीही असो, तिचं पाणी तिचं. खरेदीतच लिहून दे."

"बाबा, हे लिहून दिलं तं एक कुटुंब बाहेर पडन. मग कदाचित हवेलीच हातची जाईन."

"जाऊ दे."

हे दोन शब्द त्यांना किती जड गेले ते प्रेमिलाताईंनी पाहिलं. अर्धं नंदनवन रोज फाटकाशी थांबून विचारत होतं, "काय बळीरामजी, हवेली कुठवर आली?" आणि हे "चालू आहे" म्हणत मान खाली घालून रांजण पुसत होते. असे तीन महिने गेले.

शेवटी एक कुटुंब खरंच बाहेर पडलं. कुरण दुसऱ्याच कुणी घेतलं. भावना आणि उरलेल्या कुटुंबाच्या वाट्याला हवेली, तबेले आणि झऱ्यासकट जंगलाचा तुकडा आला. खोल्या ठरल्या त्याच्या निम्म्याच निघणार होत्या. पण खरेदीच्या दस्तात तिन्ही घरांचं पाणी कायमचं लिहिलं गेलं. भावनानं ते पान पाठवलं तेव्हा बळीरामजींनी ते भिंगातून दोनदा वाचलं आणि मग कितीतरी वेळ पुसलेलाच चष्मा पुसत बसले.

एका रविवारी संध्याकाळी तिचा कॉल आला. तिकडे दुपार होती. भावना दस्ताची प्रत घेऊन प्रोबर्टबाईंच्या दाराशी उभी होती. "बाबा, बघा," ती म्हणाली आणि दार उघडताच तिनं आधी प्यायला पाणी मागितलं. बळीरामजी खुर्चीत सरसावून बसले. प्रोबर्टबाई काचेचा ग्लास घेऊन आल्या, भावनाच्या हातात दिला. ती एका दमात प्यायली. मग तिनं कागद पुढे केला.

म्हातारीनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि पायरीवर बसली. हवेली विकली जातेय हे कळल्यापासून तिला झोप नव्हती, हे तिनं तेव्हाच सांगितलं. हे कुणी करायला लावलं, असं तिनं विचारलं. भावनानं फोन तिच्याकडे वळवला.

पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई, ओल्या डोळ्यांनी यांच्याकडे बघत, पुन्हा पुन्हा थँक यू म्हणत होती. बळीरामजींना कचेरीतलं इंग्रजी चांगलं येतं. यू आर वेलकम एवढं तर कुणालाही येतं. पण त्यांच्या तोंडून ते निघालं नाही. त्यांनी फाटकाबाहेरच्या रांजणाकडे पाहिलं आणि हात जोडले.

"भरली वं बाई," ते म्हणाले.