पोटखराबावरचा राब

सेवानिवृत्त मंडळ अधिकारी सोमनाथ देवरे यांच्या कपाटात तक्रारींच्या एकेचाळीस पोचपावत्या होत्या. घराजवळच्या द्वारका चौकातली वाहतूक, गल्लीतले उघडे गटार, बँकेतले मोडके बाक अशा प्रत्येक गोष्टीवर त्यांनी विषय-संदर्भासह अर्ज केला होता आणि प्रत्येकावर शिक्का मारून घेतला होता. दोष नेहमी दुसऱ्याचा असे, आणि तो नेमका कोणाचा हे तिसऱ्या ओळीत स्पष्ट होई. बेचाळिसावा अर्ज लिहायला मात्र त्यांना अख्खी रात्र लागली.

त्या अर्जाचे मूळ फेब्रुवारीत होते. मयूर नावाच्या तरुणाने त्या द्वारका चौकाजवळ, डोंगरात चालवायच्या दणकट गाड्या भाड्याने देण्याचा धंदा उघडला होता. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवारी येत, चावी घेत आणि पश्चिमेच्या घाटमाथ्यावर चिखल उडवायला निघत. डांबरी सडक त्यांना नको होती. त्यांना हवा होता रस्ता नसल्याचा भास, आणि तोही छापील नकाशासह. असा नकाशा कोण करून देणार? त्या पट्ट्यात सहा वर्षे तलाठी म्हणून काढलेले देवरे काका. मयूरने त्यांना पुढच्या सीटवर बसवले, दर वळणावर त्यांचा सल्ला घेतला आणि पत्रकावर ‘मार्गदर्शक’ म्हणून त्यांचे नाव छापायचे कबूल केले. निवृत्तीनंतर तीन वर्षांत त्यांचा सल्ला कोणी मागितला नव्हता. देवरे खुलले.

त्यांनी चार मार्ग आखून दिले. चौथा उंबरदोंड पाड्यामागच्या उतारावरून जात होता. तिथे गाडी खालच्या सडकेवरच थांबली, कारण देवरे यांचा गुडघा दुखत होता. त्यांनी काचेतून काठी बाहेर काढली आणि तो पिवळ्या गवताचा उघडा उतार दाखवून सांगितले की हा सगळा पोटखराब, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाला नालायक ठरलेली जमीन. येथे बिनधास्त गाड्या घाला. मयूरने मोबाइलवर रेघ ओढली.

जूनच्या अखेरीस, एका मंगळवारी, उंबरदोंडचे पोलीस पाटील झिपरू यांचा फोन आला. पत्रकावर नाव आणि नंबर होता, म्हणून केला, असे ते म्हणाले. गाड्यांनी पाड्यावरच्या अक्काबाईचा राब तुडवला होता. अर्धा उरला होता, आणि येत्या शनिवारी गाड्या पुन्हा येणार होत्या.

देवरे दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. या वेळी ते काठी टेकत, थांबत थांबत वर चढले.

उतारावर पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून उन्हाळ्यात जाळायचे, त्या राखेत नागलीचे बी टाकायचे आणि रोपे वीतभर झाली की उपटून मोठ्या शेतात लावायची, ही तिथली रीत. जाळलेल्या त्या तुकड्याला राब म्हणतात. घरातली वर्षाची भाकर एवढ्याशा काळ्या चौकोनात उगवते. देवरे यांना हे पुस्तकातून माहीत होते. त्यांच्यासमोर आता चाकांच्या दोन-दोन हात रुंद चऱ्या पडल्या होत्या, आणि पासष्टीची अक्काबाई त्यांत बसून चिखलातून जगतील तेवढी रोपे एकेक करून वेचत होती.

देवरे यांनी सवयीने चौकशी सुरू केली. गाड्या किती होत्या, कोणाच्या, कोणी अडवले का. मग तोंडातून निघून गेले की हा तुकडा तर कागदोपत्री पोटखराब आहे.

अक्काबाईने मान वर करून त्यांना नीट पाहिले.

“भाऊसाहेब, माझी सासू हितंच राब भाजायची. तवा तुम्हीच तलाठी होते. खाली पाटलाच्या ओट्यावर बसून लिहायचे. वर कधी आलेच नाय.”

ती पुन्हा रोपे वेचू लागली. तिचे त्यांच्याकडे काहीच मागणे नव्हते, आणि नेमके तेच देवरे यांना सहन झाले नाही.

परतल्यावर ते तडक मयूरच्या दुकानात गेले आणि भिंतीवरच्या नकाशातली चौथी रेघ आत्ताच्या आत्ता पुसायला सांगितली. मयूरने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मोबाइलवर त्या गटाचा उतारा काढून समोर धरला.

“काका, हा उतारा मी बनवलेला नाही. कागदावर जिथं काही उगवतच नाही, तिथलं आम्ही काय मोडलं?”

देवरे यांनी चहा तसाच ठेवला. गुरुवारी ते तालुक्याच्या कचेरीत गेले. लिपिकाने ऐकून घेतले आणि सभ्यपणे सांगितले की पिकाची नोंद नाही, तर नुकसानीचा पंचनामा कशाचा करणार? जुन्या पीकपाहणीत एकदा जरी लागवड दिसली असती, तरी काही करता आले असते. त्याने जुनी वही काढली. सहा वर्षे, सहा ओळी, प्रत्येकीत एकच शब्द: पडीक. खाली सही होती, ठसठशीत, वळणदार, आणि देवरे यांना त्या सहीचा आयुष्यभर अभिमान वाटत आला होता.

त्यांना संताप आला तो लिपिकावर नव्हे, मयूरवरही नव्हे. त्या ओट्यावर आपण काय खाल्ले होते ते त्यांना आठवले: कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकर. जेवण आटोपून, हात पुसून, उताराकडे पाठ करून त्यांनी तो शब्द लिहिला होता. एका बाईची जमीन तिच्या पायाखालून काढून घ्यायला त्यांना दुपारच्या जेवणाइतकाही वेळ लागला नव्हता, आणि ते त्याला शासकीय काम म्हणत आले होते.

शुक्रवारी त्यांनी अर्ज पुढे केला. लिपिक वाचता वाचता थांबला. अर्जदार: सोमनाथ देवरे. गैरअर्जदार: तत्कालीन तलाठी, सोमनाथ देवरे. विषय: जागेवर न जाता सहा वर्षे केलेल्या खोट्या पीकपाहणीबाबत. सोबत अक्काबाई व पोलीस पाटील यांचे जबाब; ते त्यांनी त्याच सकाळी पाड्यावर जाऊन लिहून आणले होते.

“साहेब, स्वतःचं नाव कशाला घालता? चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. नजरचुकीने राहिलं असं लिहा.”

“नजर टाकलीच नव्हती, तर ती चुकेल कशी? पोच द्या.”

पोच मिळाली. पंचनामा सोमवारी ठरला. पण शनिवार मधे होता.

शनिवारी सकाळी सात गाड्या सडकेवरून वळल्या तेव्हा उताराच्या पायथ्याशी, वाटेच्या बरोबर मधोमध एका दगडावर देवरे बसले होते. शेजारी झिपरू काठी घेऊन उभे होते. मयूर पुढच्या गाडीतून उतरला. देवरे यांनी शिक्क्याचा कागद त्याच्या हातात दिला आणि सांगितले की तुझा उतारा ज्याच्या सहीवर उभा आहे, त्यानेच ती सही खोटी असल्याचे लिहून दिले आहे. आता गाडी घालायची तर हे वाचून घाल.

मयूरने दोनदा वाचले. मग मागे वळून गिऱ्हाइकांना हसतमुखाने सांगितले की पुढे दरड कोसळली आहे, आज तिसऱ्या मार्गाने जाऊ.

गाड्या धूर सोडत मागे फिरल्या. त्या खोट्या दरडीने देवरे यांचे डोके पुन्हा तापले. त्रेचाळिसाव्या अर्जाचा मजकूर मनात जुळूही लागला. तिसरा मार्गही त्यांनीच आखला होता, गाडीतूनच, आणि त्या वाटेवर कोणाचा राब आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी झिपरूंना विचारले, तिथवर पायी किती वेळ लागेल. दोन तास, ते म्हणाले.

देवरे यांनी काठी उचलली.