गाव हाय तवर

कागद हातात देण्याआधी मामा त्यावर फुंकर मारत, कागद स्वच्छ असला तरी. गिरणीवाल्याची सवय, दुसरं काय! मग गिरणी बंद असतानाही ती चालू असल्यासारखे ओरडून विचारत, "सर, गाव हाय तवर अंक निघंल का?"

मी वडवणीत मास्तर होतो आणि हौसेने अद्भुत गोष्टींचा दिवाळी अंक काढायचो. केबल नुकतीच आली होती. नवे लेखक यंत्रमानव पाठवत आणि कवींचा पाय चंद्रावरून खाली उतरत नसे. मामा जुने लेखक. तरुणपणी दोन गोष्टी छापून आल्या, पुढे बरीच वर्षं नुसतं दळण. पुन्हा लिहायला लागले ते माझ्या अंकासाठी.

दिवाळी झाली की त्यांचं गाव ऊसतोडीला निघून जाई. मामीसुद्धा नातवंडं सांभाळायला मुलाबरोबर जात. आणि आमचा अंक निघायचा दिवाळीनंतर. छापखाने कसे असतात तुम्हाला ठाऊकच आहे. गावात उरत मामा आणि चार बहिरी म्हातारी.

"त्यांना ऐकू येत न्हाई," मामा ओरडून सांगत, "अन् गोष्ट काय वरडून सांगायची असती व्हय? एकदा लोकांची तोंडं बघायचीत, सर, माझी गोष्ट ऐकताना."

त्या वर्षी त्यांनी एका गावाची गोष्ट आणली. हिवाळा आहे, घरोघरी चूल पेटली आहे, शाळा भरली आहे, गिरणीवर दळणाची रांग लागली आहे. संपली गोष्ट.

"मामा, यात अद्भुत काय आहे?"

मामा पहिल्यांदाच हळू बोलले. "पौषात गाव भरल्यालं हाय, सर. याच्याहून मोठा चमत्कार कंचा दावू?"

मी कागद पिशवीत टाकले. छापखान्यात ठाण मांडून बसलो आणि दिवाळीआधी अंक काढला. सायकलवर गठ्ठा बांधून गेलो. गाव होतं! बैलगाड्यांवर सामान चढत होतं. गिरणीला मात्र कुलूप.

"सून पोटुशी हाय," मामी म्हणाल्या. "ऊस तोडाया दोघं लागत्यात. पोराला जोडी म्हणून हेच गेले. त्यांची टोळी आदीच निघाली."

"या वयात?"

"मी जाते म्हणलं, तर म्हणले, तू सुनंपाशी ऱ्हा."

मामींनीच मला पारावर बसवून गोष्ट वाचायला लावली. हातातलं काम टाकून सगळे जमले. दळणाची रांग आली तशी एक बाई हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसली. "आरं, हे तर आपलंच गाव हाय की," कुणीतरी म्हणालं. एकेक जण बंद गिरणीकडे वळून पाहू लागला.

मी वाचता वाचता सगळ्यांची तोंडं नीट पाहून घेतली. मामांना सांगायची होती ना.

चैत्रात टोळ्या परतल्या. मुलगा एकटाच आला. मामा तिकडेच फडात तापाने गेले होते. ती तोंडं मला अजून आठवतात. कुणाला सांगू?