सुंभ बांधलेली बाटली

आमच्या आईचा कुठल्याच बाटलीवर विश्वास नव्हता. माणसांवरही फारसा नव्हता, पण माणसांना ती निदान चहा तरी विचारायची. घरात बाटली आली की आधी झाकण उघडून हुंगायची, मग उजेडात धरायची, आणि तरीही "बघू पुढे" अशा चेहऱ्याने फळीवर ठेवायची. हा संशयी स्वभाव माझ्यातही पुरेपूर उतरला आहे, त्यामुळे मला तिला हसायचा अधिकार नाही.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमच्या आळीत सुटं फिनेल विकायला यायचं. बाटली आपली द्यायची. आमच्याकडे रिकाम्या बाटल्या असायच्या त्या कोकमाच्या आगळाच्या, म्हणजे सरबताला लागणाऱ्या रसाच्या. आगळ काळपट लाल, फिनेल काळं; शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणीच. शिवाय मोरीतले लाल डाग काढायला मुंबईच्या काकांनी आणलेलं ॲसिड होतं, आणि विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. काकांनी एकदा ती दोन्ही मोरीत एकत्र ओतली. "दुप्पट गुण येईल," म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी डोळे चोळत, खोकत परसात धावले. तेव्हापासून ॲसिड घराच्या एका टोकाला आणि पावडर दुसऱ्या. "यांची सोयरीक जुळू द्यायची नाही," असा आईचा हुकूम होता.

मग एका दुपारी ती सुंभ घेऊन बसली. नारळाच्या काथ्याची ती खरखरीत दोरी तिने फिनेलच्या आणि ॲसिडच्या बाटल्यांच्या मानेला घट्ट गुंडाळली. "सुंभ असेल त्या बाटलीतलं पोटात जायचं नाही," तिने सगळ्यांना बजावलं.

"त्यापेक्षा चिठ्ठी चिकटव. अक्षर येतं की तुला," बाबा म्हणाले.

"चिठ्ठी ओली होऊन सुटते," आई म्हणाली.

मला ते उत्तर पटलं नाही. तिचा संशय बाटल्यांवर नसून दुसऱ्याच कुणावर असावा, असं मला वाटू लागलं. बाबा निवृत्त शिक्षक. सकाळी पेपर उघडून बसत, वेळेवर पानही उलटत, पण हल्ली बातमी वाचून दाखवत नसत. आई मधूनच विचारायची, "अहो, कॅलेंडर बघा, आज काय आहे?" बाबा कॅलेंडरकडे तोंड करून म्हणायचे, "चतुर्थी असेल. तू उपास केलायस ना." डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की घरात भांडण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे आमचे बाबा. आणि तपकिरीने त्यांच्या नाकाचं काम केव्हाच संपवलेलं. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही, असा माणूस घरात फिरत होता आणि स्वतःचं सरबत स्वतःच करून पीत होता. मला त्याची भीती वाटायची, पण बोलायची हिंमत नव्हती.

वैशाखात बाबांचे जुने स्नेही मालगुंडहून आले. आई विहिरीवर होती. "बसा, तुम्हाला फर्मास सरबत देतो," म्हणत बाबा आत गेले. त्या सकाळी मुंबईहून आलेल्या, सुंभाचा नियम ठाऊक नसलेल्या काकांनी मोरी धुताना तिथे दिसलेली फिनेलची बाटली आगळाची समजून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून दिली होती. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले. बाबांनी दोन पेल्यांत साखर घातली, फळीवर हात फिरवला आणि बाटली उचलली. दुसरा हात झाकणाकडे गेला आणि मानेपाशीच थांबला. अंगठा सुंभावर फिरला, पुन्हा फिरला. मी तांब्या खाली ठेवून पुढे सरसावले.

त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली. तेवढ्यात आई कळशी घेऊन मागच्या दारात आली.

"अगो," बाबा म्हणाले, "मला दिसत नाही गो."

ओटीवर पाहुणे बसलेले, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते बोलले होते. आईने कळशी उतरवली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुम्हाला वाचता येत असतं तर चिठ्ठीच लावली असती."

मला रडू आलं. इतके दिवस तिने सगळ्या घराला नियम लावला होता, तो एका माणसाला कमीपणा वाटू नये म्हणून.

सरबत आईनेच केलं. पाहुण्यांनी पेला हुंगून मगच तोंडाला लावला, त्यांना दोष कसा द्यावा. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "उद्या जाऊ डॉक्टरांकडे."

"तुमचा उद्या मला माहीत आहे," आई म्हणाली.

"मग मलाही सुंभ बांध, सकाळी हाताला लागला की आठवेल," बाबा हसत म्हणाले आणि त्यांनी मनगट पुढे केलं.

आई हसली नाही. आत गेली, सुंभाचा तुकडा घेऊन आली आणि खरोखरच बांधला.